डावीकडची मोकळी जागा

ऐका, पण पटवून घेऊ नका. हे पटेल असा माणूस घिवलीत अजून जन्माला यायचाय. गेल्या रविवारी आमच्या दहा पोरांनी बोईसरच्या कारखान्यातल्या अकरा जणांना फुटबॉलात हरवलं, आणि आमचा अकरावा समुद्रातून आला.

मी एवढं म्हटलं आणि पलीकडे बोंबील वाळत घालणाऱ्या वत्सलाचे हात थांबले. कुंदन तिचा मुलगा, आमच्या संघाचा डावीकडचा गडी. दिवाळीनंतर होडीवर गेला तो आलाच नाही. तेव्हाच ती मला म्हणाली होती, “काका, त्याच्या जाग्यावर कोणाला उभा करू नका. येईल तो.”

मग काय, मी संघाची नेहमीची चार-चार-दोनची मांडणी मोडली. तीन, तीन, तीन आणि मागे गोलकीपर. सुकाच्या गुडघ्यांत दम नाही, पण जाळी ओढून कमावलेली छाती कोणाच्या धक्क्याने हलत नाही, तो त्यांच्या गोलासमोर. दर्पण पळतो वाऱ्यासारखा. त्याला उजवीकडे टाकला. डावी बाजू सबंध मोकळी. ती कुंदनची. वाळूवर बूट घालून खेळणारा तो एकटाच. ऐट, दुसरं काय!

भर दुपारी, ओहोटीच्या ओल्या वाळूवर खेळ सुरू झाला. मोकळ्या बाजूचा त्यांचा गडी पुढे येईचना.

“अरे, उधर खाली है, जा ना!” त्यांचा कप्तान ओरडला.

तो घामाघूम. “खाली नहीं है, भाई.”

वारा पडला. दर्पणने मारलेला चेंडू त्या मोकळ्या बाजूला घरंगळत गेला, थांबला, आणि आपसूक उसळून थेट सुकाच्या छातीवर आदळून आत गेला. गोल! पण ओरडलं कोणीच नाही.

मी जाऊन पाहिलं. पाण्यातून निघालेली पावलं होती. परत जाणारं एकही नव्हतं.

“बुटाची?” वत्सलाने हळूच विचारलं.

“समुद्रात कुठले बूट, बाय! अनवाणी. दोन्ही पायांची पाच-पाच बोटं मोजली मी.”

तिने काठीवरचा एक बोंबील सरळ केला.

“डाव्या पायाची दोन बोटं लहानपणीच गेली त्याची, होडीच्या दोरात. दिसू नये म्हणून बूट घालायचा. खोटं बोलता तुमी, काका.”

मी मान खाली घातली.

“येत्या रविवारी डावीकडं कोणाला तरी उभा करा,” ती म्हणाली.