रत्नव्वाचा डोंगर

रत्नव्वा युरोपला न जाताच वारली. पण ते सध्या राहू द्या. आत्ता मे महिन्यातली सकाळ आहे आणि रत्नव्वा नवे कोरे बूट घालून, निऱ्या वर खोचून, परड्यातल्या सिमेंटच्या पोत्यांवर चढते आहे. चांगली ठणठणीत आहे. उगाच कशाला तिच्या जिवावर उठायचं?

"टाचंवर जोर देऊ नगंस," चनबसाप्पा खालून ओरडला. "चवड्यावर! चवड्यावर चढ!"

"तुमी किती डोंगर चढलाय?"

"कंपनीचं रंगीत पुस्तक वाचलंय मी."

शाहूपुरीत चनबसाप्पाचं सिमेंटचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, त्याच्या मागं परडं. आदल्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाच साली, सिमेंट कंपनीनं दुकानदारांसाठी योजना काढली होती. जूनपर्यंत ठरलेला माल उचला आणि पुढच्या उन्हाळ्यात जोडीनं युरोपचे डोंगर बघा. थोडं चालणं, थोडं बघणं, बर्फात फोटो. चनबसाप्पानं त्यासाठी जिवाचं रान केलं. गोठ्याला स्लॅब घाला, म्हशीला बरं वाटतं, असं सांगत तो पार शाहूवाडीपर्यंत फिरला. संडास बांधायला निघालेल्या एका पावण्याला त्यानं दुमजली संडासाचे फायदे समजावले. पावण्यानं विचार करून सांगतो म्हणून जो पळ काढला, तो पुन्हा दिसलाच नाही. माल थोडा कमी पडला. मग उरलेली पोती चनबसाप्पानं स्वतःच घेतली आणि परड्यात रचली. जुलैच्या पावसात ताडपत्री गळली आणि पोती जाग्यावरच दगड झाली.

"मालक, ह्ये आता कोन घेनार?" हमाल आकारामनं विचारलं. त्यानं पहार मारून बघितली होती. पहार वाकली होती.

"ऱ्हाऊ दे की," रत्नव्वा म्हणाली. "आयता डोंगर झालाय. सराव करते."

अशा रीतीनं युरोप शाहूपुरीत आला. उन्हं तापायला लागल्यावर रत्नव्वानं त्याच्या शिखरावर सांडगे वाळत घातले.

आपल्याकडं बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारत नाहीत. काम होत नाही म्हणे. म्हणून 'लांब काय?' असं विचारायचं. म्हणजे चौकशी तीच, फक्त अपशकुन टळतो. रत्नव्वा गडहिंग्लजकडून या घरात आली तेव्हापासून तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हा प्रश्न ठरलेला. सासू विचारायची, दीर विचारायचे. सासू गेली, दीर वेगळे झाले, तेव्हा गल्ल्यावरून चनबसाप्पा विचारायला लागला. रत्नव्वाचं उत्तरही ठरलेलं होतं. "हितंच." गिरणीला निघाली, हितंच. देवळात निघाली, हितंच. बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हासुद्धा तोंडातून 'हितंच'च आलं, आणि एसटीत बसल्यावर तिचं तिलाच हसू फुटलं. ते मूल जगलं नाही, पण हसू आलं होतं हे खरं.

एका संध्याकाळी दोघं डोंगरावर चहा घेत बसली होती. चनबसाप्पा तिला बर्फाची माहिती देत होता. बर्फ पांढरा असतो, असं तो सांगत होता.

"मला बर्फबिर्फ काय नगं हो," रत्नव्वा म्हणाली.

"मग कशाला निघालीयास?"

"घरातनं भाईर पडताना तुमी इचारायचं, लांब काय? आन मी म्हननार, व्हय, लांब. लई लांब. एकदा तरी, खरं खरं."

"एवढ्यासाठी युरोप? आदी बोलली असतीस तर बेळगावला न्हेलं असतं की."

"बेळगाव हितंच हाय."

चनबसाप्पानं बशीतला चहा संपवला. त्याला एक अडचण दिसली. "पन आपन जोडीनं निघनार. मग मी कवा इचारू?"

"कुलूप लावताना इचारा."

"बरं. कुलूप लावताना." त्यानं गंभीरपणे मान डोलावली. मालाची ऑर्डर घेतानाही तो अशीच डोलवायचा.

आता ती शेवटची सकाळ. तिला फार काळ बाहेर उभं करता येणार नाही.

रत्नव्वा बूट घालून, सांडग्यांची पाटी कमरेवर घेऊन मागच्या दारात आली. चनबसाप्पा फोनवर होता. पलीकडं कंपनीचा अमरसिंह.

"अवो अमरसिंह, शाकाहारी म्हंजे अंडंबी न्हाय. केकमदलंबी न्हाय. मग केकच नगं, विषय संपला. तिकडं ज्वारीचं पीठ मिळतंय काय? न्हाय? मग मानसं खात्यात काय तिकडं?"

रत्नव्वा दारात थांबली. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नेहमीचा प्रश्न आला नाही म्हणून जरा वेळ तशीच उभी राहिली. चनबसाप्पाला वाटलं, तिला काहीतरी पाहिजे आहे. त्यानं फोनवर हात ठेवला, दुसऱ्या हातानं 'जा, जा' अशी खूण केली आणि पुन्हा केकवर आला.

ती गेली.

फोन संपल्यावर तो चहा मागायला मागं आला. रत्नव्वा शिखरावर बसली होती, शेवटच्या पोत्याला पाठ टेकून, पाटी मांडीवर घेऊन.

"उतर आता, ऊन व्हायलंय. रत्ना! ऐकू येतंय का? बूट घातलं म्हनून लगीच साहेबीण झालीस काय?"

बराच वेळ तो तिला रागावत होता. तेवढा वेळ ती जिवंत होती. मग आकाराम वर चढला, तिच्याजवळ वाकला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

जन्मभर पाठीवर पोती वाहिलेल्या आकारामनं तिला दोन्ही हातांवर झेलत खाली आणलं. डॉक्टरनं हृदयाचं नाव सांगितलं. गल्ली गोळा झाली. लिंगायतांत माणसाला बसवूनच मातीत ठेवतात. रत्नव्वानं तेवढी तयारी आधीच करून ठेवली होती.

अडचण आली ती बुटांची. नाड्यांच्या गाठी तिनं युरोपच्या हिशेबानं मारल्या होत्या. शेजारची बायडाबाई नखं तुटेपर्यंत झटली, पण गाठ काही सुटेना.

"कापा नाडी," विधीला आलेले जंगमस्वामी म्हणाले. "कैलासाला निघालेल्या बाईच्या पायात बूट? रीत न्हाय ती."

"कैलासाला बर्फ हाय न्हवं?" चनबसाप्पानं विचारलं.

"हाय की," स्वामी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या. पाय गारठत्यात तिचं."

बूट राहिले.

दिवसकार्य झाल्यावर अमरसिंह भेटायला आला. चुळबुळ करत म्हणाला, "मामा, योजना जोडप्याची हाय. एकट्याला जाता येत न्हाय. जोडीला दुसरं कोन असंल तर..."

"आकारामला इचारतो. साडी नेसंल का ते बघाय पायजे."

अमरसिंहला हसावं का रडावं कळेना. त्यानं दोन्ही थोडं थोडं केलं. पुढच्या महिन्यात कंपनीनं सहलीच्या बदल्यात फ्रीज पाठवला. वरचा सबंध कप्पा बर्फाचा होता. चनबसाप्पानं त्याची वायर कधी भिंतीला लावली नाही. पण रोज संध्याकाळी दुकान बंद करताना, कुलपात किल्ली घातल्यावर, त्याचं तोंड उघडायचं. काही बाहेर यायचं नाही. मग तो कुलूप ओढून बघायचा आणि आत जायचा.

दिवाळीनंतर वॉर्ड ऑफिसातून नोटीस आली: परड्यातला सिमेंटचा अनधिकृत ढिगारा हटवावा. आकाराम नवी पहार घेऊन आला. चनबसाप्पानं त्याला चहा पाजला, पहारीसकट परत पाठवलं आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं:

"मे. वॉर्ड ऑफिसर साहेब यांसी, सविनय अर्ज ऐसा की, सदर वस्तू ढिगारा नसून डोंगर आहे. माझी पत्नी सौ. रत्नव्वा ही सदर डोंगरावरून पुढे गेली असून, ती निघताना 'लांब काय' असे विचारणे माझ्याकडून टेलिफोनमुळे राहून गेले आहे. तरी मेहेरबान साहेबांनी तिला घराच्या मागील दारात, पायात बूट असलेल्या स्थितीत, एकवार उभे करण्याची व्यवस्था करावी, ही नम्र विनंती. विचारून होताच डोंगर स्वखर्चाने हटविण्यात येईल."