लाल गाडी

सहादू तापट होता, हे गावात कुणाला सांगायची गरज नव्हती. मोटार सुरू झाली नाय तर मोटारीला लाथ, भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर. त्या उन्हाळ्यात असंच एक ताट धाकट्या संजनाच्या कानाजवळून गेलं, आणि त्याची बायको सुवर्णा दोन्ही पोरींना घेऊन माहेरी गेली ती तीन महिने आलीच नाय. आली तेव्हा उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "पुन्हा एकदा जरी आवाज चढला ना, तर मी परत यायची नाय." सहादूनं नुसती मान हलवली.

हे दोन हजार सहा सालचं. दिंडोरीच्या अंगाला त्यांची द्राक्षाची बाग होती, बागेतच घर. घरात एक जुना कॉम्प्युटर. पोरी शाळेतून आल्या की गोधडी टाकून त्याच्यावर गाड्यांची शर्यत खेळायच्या. सहादू दारात आला की दोघी खेळायचे रिमोट खाली ठेवून उभ्या राहायच्या. बोलायच्या काय नाय, नुसत्या उभ्या राहायच्या, आणि तेच त्याच्या काळजात रुतायचं.

एकदा हिंमत करून थोरली छाया म्हणाली, "अण्णा, चौघांना खेळता येतं ह्यात. पण रिमोट लावायला मागं यूएसबीची तोंडं दोनच हायेत."

ऑक्टोबर छाटणी उरकली, तसा त्यानं कॉम्प्युटरचा डबा द्राक्षाच्या क्रेटमध्ये ठेवला आणि पिकअपमध्ये टाकून नाशकात, इंदिरानगरला ज्ञानेशच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला.

"काका, छाटणीच्या दिवसांत द्राक्षं कुठून आणली?" ज्ञानेश क्रेट बघून म्हणाला.

"दात नको काढू. दोन तोंडं हायेत, चार पाहिजेत."

ज्ञानेशनं डबा उघडला, खालच्या फटीत एक हिरवं कार्ड बसवलं. मागं दोन नवी तोंडं आली, त्यांच्यासाठी सहादूनं दोन नवे रिमोटही घेतले. सहादूनं जन्मभर ड्रीपच्या नळ्या अंथरलेल्या, म्हणून त्याला दुसरीच काळजी. "तोंडं वाढवली की शेवटच्याला पाणी कमी पडतं. ह्याला पडंल का?"

"काका, ह्यात पाणी नसतं हो."

"मला शिकवू नको."

घरी आल्यावर चौघं पहिल्यांदा एका गोधडीवर बसले. पडद्याचे चार तुकडे झाले. छायाची निळी गाडी, संजनाची पिवळी, सुवर्णाची हिरवी, आणि शेवटच्या, चौथ्या तोंडाला सहादूची लाल. "अगं बाई, माझी उलटीच चाललीय!" म्हणून सुवर्णा हसली, आणि ते हसू ऐकून सहादूला वाटलं, जमतंय.

मग लाल गाडी खड्ड्यात गेली. काढली, परत गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा संजना खिदळली, "अण्णा, ट्रॅक्टर नाय तो!"

सहादूचं डोकं तापलं. शिवी ओठावर आली. तेवढ्यात त्याला दिसलं की सुवर्णा पडद्याकडं नाय, त्याच्याच तोंडाकडं बघतेय. त्यानं शिवी गिळली, खेळ चालू असतानाच मागून आपल्या रिमोटची वायर हिसकून काढली आणि रिमोट हातात तसाच धरून बाहेर पडला.

बागेत कुणी नव्हतं. छाटलेल्या वेली उघड्याबोडक्या उभ्या होत्या, दुपारचं ऊन तारांवर असं थबकलेलं की वारासुद्धा झोपेत चालल्यासारखा वाटत होता, आणि सहादू एका ओळीतून दुसऱ्या ओळीत फिरत राहिला, रिमोटची वायर मागं चिखलातून ओढत, किती वेळ ते त्याचं त्याला कळलं नाय. डोकं निवलं तसा तो घराकडं वळला. आतून हसण्याचा आवाज येत होता. खिडकीतून डोकावला.

तिघी पडद्यापुढं बसलेल्या. त्याची जागा मोकळी. पण पडद्याचे तुकडे चारच होते, आणि लाल गाडी चालत होती. रमतगमत चालत होती, खड्डा चुकवत, वळणावर वेग कमी करत.

"अण्णा, थांबा की, मी पडले!" संजना म्हणाली.

लाल गाडी थांबली. पिवळी येईपर्यंत वळणावर उभी राहिली, मग तिच्या मागं मागं निघाली. सुवर्णा त्या मोकळ्या जागेकडं जराशी झुकून बसली होती, माणूस शेजारच्या खांद्याला टेकतं तशी.

सहादूनं हातातल्या रिमोटकडं बघितलं. वायरीच्या टोकाला चिखल लागला होता.

जेवताना त्यानं हळूच विचारलं, "मी गेल्यावर लाल गाडी कुणाकडं होती?"

"गेल्यावर? कुठं गेला होता?" सुवर्णा म्हणाली. "चेष्टा करता काय! किती सांभाळून घेत होता पोरीला. असेच राहा."

दुसऱ्या दिवशी त्यानं ज्ञानेशला फोन लावला. ज्ञानेशनं कुठं दाबायचं, कुठं बघायचं ते सांगितलं. "किती रिमोट दाखवतोय काका?"

"चार."

"मग चारही लागलेत."

"आरं, तीनच लागलेत! चौथा माझ्या हातात हाय!"

"नीट बघा. चष्मा लावून बघा." ज्ञानेश हसला. सहादूनं फोन आपटला.

मग त्यानं त्याला येत होतं तेच केलं. बागेत नळीचं टोक उघडं राहिलं तर तो खुंटी मारायचा. तशीच त्यानं एक बारीक खुंटी तासली, सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि चौथ्या तोंडात दाबून बसवली. चार दिवसांनी औषध मारताना, पाठीवर पंप असताना, त्याच्या मनात आलं की टोक बंद केल्यानं पाणी काय थांबत नाय. नळीतच राहतं. भरून राहतं.

त्या दिवशी घरी येऊन त्यानं चहा मागितला.

"आत्ता तर घेतला," सुवर्णा म्हणाली. गोधडीपाशी रिकामी कपबशी पडली होती. कॉम्प्युटर बंद होता.

पुढं पुढं तो दारात आला तरी पोरी उभ्या राहीनात. आधी त्याला बरं वाटलं. मग लक्षात आलं, त्या त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत. रात्री सुवर्णा पांघरूण घालताना म्हणायची, "किती शांत झालात हो तुम्ही," आणि म्हणताना तिचं तोंड पलीकडं, भिंतीकडं असायचं.

शेवटी एका दुपारी त्यानं ठरवलं, आज सोक्षमोक्ष लावायचा. दारात चपला काढल्या. आत तिघींच्या पाठी, पडद्यावर चार गाड्या, गोधडीवर ती मोकळी जागा. छातीतून राग उसळून वर आला, त्या जागेवरच्याला गचांडी धरून बाहेर काढावा असा, आणि ओरडायला त्यानं तोंड उघडलं. ओरडलं की सुवर्णा जाणार, हे त्याला माहीत होतं. तोंड तसंच उघडं राहिलं.

"आई," संजना मागं न बघता म्हणाली, "दारात कोण तरी उभं हाय."

सुवर्णानंही मागं बघितलं नाय. गोधडीवरच्या मोकळ्या जागेतून सहादूचाच आवाज आला, पण इतका मऊ, की एवढ्या वर्षांत तो असा कधी बोललाच नव्हता.

"कुणी नाय, बाळा. खेळ तू."

सहादूनं तोंड मिटलं, चपला पायात घातल्या, आणि आवाज होणार नाय अशा बेतानं पायरी उतरला.