जाताना डावीकडून

हार्मेन सायकलच्या परीक्षेत नापास झाला. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, सायकल चालवण्याचा अनुभव वर्षं चौऱ्याहत्तर, निकाल नापास. निकालाचा कागद त्यानं घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, घरी आला आणि असं काही घडलंच नाही अशा थाटात बटाटे सोलायला बसला. आपणही तसंच करू. काही घडलेलं नाही. सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि त्याची मुलगी आल्के अंगणात त्याच्या सायकलची घंटा वाजवून बघते आहे.

"घंटेला काय धाड भरलीय? तिला कुठं अठ्ठ्याहत्तरावं लागलंय?" हार्मेन म्हणाला.

"बाबा, ठरलंय ना आपलं? पास झालात तर ही तुमची. नापास झालात तर तीनचाकी."

"तीनचाकी लेकरांची असते."

"लेकरं चरात पडत नाहीत."

फेब्रुवारीत समुद्राच्या बांधावरून जाताना समोरून एक पोरगा बॅटरीच्या सायकलवर भरधाव आला होता. या देशात रहदारी उजवीकडून चालते, आणि उजवीकडे चांगली मीटरभर वाट मोकळी होती. हार्मेननं सायकल डावीकडे घातली आणि थेट चरात गेला. तीन मेंढ्यांनी हे पाहिलं. गावात बातमी कोणी फोडली हे मात्र कळलं नाही.

"मोकळी जागा सोडून पाण्यात कोण जातं?" आल्केनं तेव्हा विचारलं होतं. "बदकं," असं उत्तर त्यानं दिलं, आणि तिथूनच तीनचाकीचा विषय निघाला.

परीक्षा घ्यायला नगरपालिकेच्या रहदारी विभागाकडून रेन्स्के आली. पिवळं जाकीट, हातात फळी, फळीवर कागद. तिला पाहून हार्मेनचा चेहरा उतरला. हार्मेन पूर्वी शाळेचा शिपाई होता. दर एप्रिलात शाळेच्या पोरांची सायकलची परीक्षा व्हायची आणि सत्तावीस वर्षं हार्मेन असंच पिवळं जाकीट घालून बेकरीच्या कोपऱ्यावर उभा असायचा. कोण मागं वळून बघतं, कोण वळताना हात दाखवतं, याच्या खुणा करायचा. अकरा वर्षांची रेन्स्के हात न दाखवता वळली होती. त्यानं तिला नापास केलं होतं.

"तेहेतीस वर्षं झाली काका," रेन्स्के म्हणाली. "अजून स्वयंपाकघराकडे वळताना हात दाखवते मी."

"मग जिवंत आहेस ना?"

"नवरा विचारतो, रहदारी कुठाय."

निघाले. हार्मेन पुढे, रेन्स्के मागे. आणि हे मान्यच करावं लागेल की म्हातारा सायकल देखणी चालवत होता. पाठ शाळेच्या झेंड्याच्या काठीसारखी ताठ. बेकरीच्या कोपऱ्यावर मागं वळून पाहणं, हात, वळण, सगळं नमुन्यादाखल भिंतीवर लावावं असं. उजवीकडून आलेल्या टपालवालीला त्यानं वाट दिली. बांधावर चढल्यावर वाटेत एक मेंढी आडवी बसली होती. हार्मेननं मागं पाहिलं, हात दाखवला, मेंढीला वळसा घातला, पुन्हा हात दाखवून वाटेवर आला. मेंढीनं दखल घेतली नाही. रेन्स्केनं घेतली आणि पूर्ण गुण दिले.

पण मग बांध सरळ उत्तरेला लागला आणि हार्मेन डाव्या बाजूला सरकला.

"काका, उजवीकडून!" रेन्स्के ओरडली.

"माहितेय! मीच शिकवलंय तुला!"

"मग या ना इकडे!"

"तिथं जागा नाही!"

"सगळी वाट रिकामी आहे!"

हार्मेननं त्या रिकाम्या उजव्या बाजूकडे एकदा पाहिलं. "दिसते खरी," तो म्हणाला आणि डावीकडूनच पायडल मारत राहिला. रेन्स्केनं कागदावर फुली मारली. समोरून कोणी आलं असतं तर कागदावरची सही दवाखान्यातच करावी लागली असती.

बांधाच्या टोकाला तळलेल्या माशांची टपरी आहे. तिथून ते मागं फिरले. आणि परतीच्या वाटेवर हार्मेन उजव्या कडेला गेला. नुसता कडेला नाही, जवळजवळ गवतात. डावीकडची जागा पूर्ण मोकळी. यापेक्षा नियमात बसणारा सायकलस्वार रेन्स्केनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. जाताना साफ चूक, येताना साफ बरोबर. तिला वाटलं, म्हातारा आपली फिरकी घेतोय. दोन शब्द सुनावावेत म्हणून ती वेग वाढवून त्याच्या डाव्या बाजूला यायला निघाली, आणि तेवढ्यात पश्चिमेच्या वाऱ्यानं तिची टोपी उडवली. टोपी आणायला गेली तेव्हा तिला बांधावरचं गवत दिसलं. सगळंच्या सगळं पूर्वेकडे कललेलं.

ती परत आली तेव्हा हार्मेन एक पाय टेकवून थांबला होता.

"जाताना वारा डावीकडून," ती सावकाश म्हणाली. "येताना उजवीकडून."

"इथं तसाच असतो तो."

"तीत्येमावशी आतल्या बाजूला असायच्या."

"तिला वारा सोसायचा नाही," हार्मेन म्हणाला. "धाप लागायची. मग बोलायचं कोणी?"

तीत्ये त्याची बायको. दर शनिवारी दोघं शेजारी-शेजारी सायकलनं मासे खायला टपरीवर जायची. हार्मेन दारासारखा रुंद. वारा सगळा त्यानं खायचा आणि बोलणं सगळं तिनं करायचं. सेहेचाळीस वर्षं संसार याच वाटणीवर चालला. कोणाच्या मांजरानं कोणाचं लोणी खाल्लं, आल्केला दात कधी आला, पुढच्या वर्षी छप्पर बदलायचं की पडदे, हे सगळं या बांधावर ठरलं. हार्मेनच्या वाट्याला फक्त 'हं' होतं, तेही वारा थांबला तर. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात ती गेली. छप्पर राहिलं, पडदे आधीच झाले होते.

"फेब्रुवारीत तुम्ही चरात का गेलात ते कळलं," रेन्स्के म्हणाली.

"उजवीकडे कशी घालणार?"

ती बराच वेळ टोपीवरची माती झटकत राहिली. माती नव्हती.

"काका, नापास करावं लागेल हो मला."

"कर की. हात न दाखवणाऱ्या पोरीला मी तरी कुठं सोडलं होतं?"

उरलेली वाट रेन्स्के त्याच्या मागून आली. शेजारी जायला भरपूर जागा होती. ती गेली नाही.

संध्याकाळी आल्के आली तेव्हा पातेलं भरून बटाटे सोलून झाले होते. खाणारं माणूस एक.

"कसं झालं?"

"मेंढीला हात दाखवला, त्याचे पूर्ण गुण आहेत."

"बाबा."

त्यानं कागद काढून दिला. तिनं वाचला. खाली शेऱ्याच्या जागी रेन्स्केनं नीट अक्षरात लिहिलं होतं: 'वाऱ्याच्या बाजूने चालवतात. कारण माहीत आहे. नापास.' आल्केनं ते दोनदा वाचलं आणि खुर्ची ओढून बसली.

"तीनचाकी मंगळवारी येतेय," ती हळूच म्हणाली. "पडायचं भय नाही तिच्यावर."

"रुंद असते ना गं ती?"

"रुंद आहे म्हणून तर पडत नाही."

"सगळी वाट व्यापते. शेजारी काही राहत नाही."

आल्केनं सुरी उचलली आणि एक सोललेला बटाटा पुन्हा सोलायला घेतला.

कागदाच्या तळाशी 'उमेदवाराचे म्हणणे' असा रकाना होता. हार्मेननं हात पुसले, चष्मा लावला आणि शाळेच्या फाटकावर सुट्टीची पाटी लिहायचा त्या ताठ अक्षरात लिहिलं:

'मा. नगरपालिका, रहदारी विभाग यांस. दोन सायकलस्वारांना शेजारी-शेजारी चालण्याची मुभा कायद्यात आहेच. तरी विनंती की, समुद्राच्या बांधावरील सायकलमार्गावर, दर शनिवारी, वारा पश्चिमेचा असताना, अर्जदारास दोन सायकलस्वार समजण्यात यावे.'