नाईनच्या खिळ्याचा दोरा

मी एक जुना दोरा आहे, मित्रांनो. जाळी विणायचा, पण मासा काही मी कधी पाहिला नाही. विमानतळ सांभाळणाऱ्या बोआसकाकांनी मला रिळावरून तोडलं आणि लाब्राडोरच्या किनाऱ्यावर, नाईन गावच्या विमानतळाच्या खोलीत, भिंतीवरच्या नकाशाला जखडलं. माझं एक टोक नाईनच्या ठिपक्यावर खिळ्याखाली, दुसरं मोकळं. ज्या गावी जायचं तिथवर मला ताणायचं आणि माझ्यावरच्या शाईच्या खुणा वाचायच्या. गूज बे दोनशे मैल. म्हणजे एक तास वीस मिनिटं.

"हा खोटं बोलत नाही हं," काका वैमानिकांना सांगत. मला किती बरं वाटे! पण हात सुटला की मी पुन्हा भिंतीवर लोंबकळे. हजारदा गूज बेला टेकलो, एकदाही गेलो नाही.

त्या मार्चमध्ये ताबिया आली. तिचं बाळ दिवस भरायच्या सात आठवडे आधीच जन्मलेलं. दवाखान्याच्या विमानानं त्याला गूज बेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. त्यात आईला जागा नव्हती. लगेच वादळ उतरलं. इथून बाहेर रस्ता नाही, आणि समुद्र गोठलेला. ती रोज येई आणि मला ताणून धरी.

"काका, अजून किती?"

"एक तास वीस मिनिटं, पोरी."

"मंगळवारपासून हेच सांगताय!"

विमानाचीच वाट बघत बाकावर बसलेला रेनाटस म्हणाला, "अगं, त्या दोऱ्याला वादळ थोडंच मोजता येतं? बहिणीला न्यायचे माझे मासेसुद्धा कंटाळले बघ."

ती हसली नाही. तिनं मला असं ओढलं की खिळा करकरला. तुटावंसं वाटलं मला. आपण खोटे आहोत, असं पहिल्यांदाच वाटलं.

ती दूध काढून बाटल्यांत भरी आणि त्यांचं खोकं दाराबाहेर बर्फात ठेवी. "तो वरचं दूध ओकतोय म्हणे," एवढंच बोलली.

पाचव्या दिवशी आभाळ उघडलं. विमान उतरलं. "चला, दहा मिनिटांत निघायचंय!" वैमानिक ओरडला. ताबियानं खोकं उचललं, तर गारठ्यानं त्याची कडी तुटली आणि बाटल्या जमिनीवर घरंगळल्या.

"दोरी द्या कुणीतरी!"

रेनाटसनं खिसे चाचपले. बोआसकाकांनी माझ्याकडे पाहिलं.

"काका, तो नको. विमानवाले ओरडतील," रेनाटस म्हणाला.

"ओरडू देत." त्यांनी गूज बेच्या खुणेपुढचं माझं शेपूट सुरीनं कापलं आणि खोकं करकचून बांधलं.

"दूध वितळणार नाही ना?"

"एक तास वीस मिनिटं. या वेळी खरं."

मी अर्धा खिळ्याशी राहिलो आणि अर्धा उडालो.

महिन्यानं ती परतली. कुशीत बाळ, खिशात माझा तुकडा. काकांनी मला जोडलं. गाठीत थोडा दोरा गेला, म्हणून भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं, "गूज बेच्या पुढच्या गावांसाठी आठ मैल वजा करा."

तेव्हा मित्रांनो, इथे आलात तर मला हळू ताणा. कुणी वाट बघत बसलं असेल, तर त्याला नुसता आकडा ऐकवू नका, शेजारी बसा. आणि ते आठ मैल आठवणीनं वजा करा. गाठ मात्र सोडू नका.