कथबर्टकाकांचा फोटो आणि मादामचा लोलक

इंग्लंडमधल्या डरॅमजवळच्या त्या खाणगावातला क्लब गच्च भरला होता. लीक म्हणजे मनगटाएवढ्या जाडीची कांद्याची पात. ती पिकवण्याच्या स्पर्धेचा चांदीचा कप कपाटातून गायब झाला होता. कपाटाची किल्ली ज्यांच्या हाती पडायची त्या पाच जणांचे फोटो टेबलावर मांडून आत्म्यांशी बोलणाऱ्या मादाम सेलीन त्यांवर दोऱ्याला टांगलेला पितळी लोलक धरून उभ्या होत्या.

"आत्म्यांनो, चोर दाखवा!"

लोलक कथबर्टकाकांच्या फोटोवर गरगर फिरला. "अरे बापरे!" लोक ओरडले. एकोणतीस वर्षं क्लबची देखभाल करणाऱ्या काकांचा चेहरा पांढराफटक पडला. अध्यक्ष रिडलींनी किल्ल्यांसाठी हात पुढे केला आणि काकांनी मुकाट्यानं जुडगा दिला.

काकांची पुतणी थिया विद्यापीठात कायदा आणि गुन्हेगारी न्याय शिकत होती. तिचं डोकंच सणकलं.

"मादाम, साक्षीदाराला फोटो दाखवणाऱ्याला संशयित कोण ते माहीत नसावं, असं आम्हाला शिकवतात. नाहीतर नकळत इशारा जातो. तुम्हाला आधी कुणी नाव सांगितलं होतं?"

"रिडलींनी चहा घेताना सांगितलं खरं. पण आत्म्यांना काय त्याचं!"

"मग त्यांना बंद पाकिटंही चालतील."

बारवरच्या मोरीननं आतल्या खोलीत फोटो पाकिटांत घालून पिसले. वर आपल्या मनानं एक जादा पाकीट घातलं.

"आत्मे दमलेत," मादाम म्हणाल्या.

"बिअर पाजू का त्यांना?" मागून कुणीतरी विचारलं.

नाइलाजानं लोलक निघाला, आणि चौथ्या पाकिटावर जोरात फिरला. मोरीननं पाकीट फाडलं. आत भिंतीवर टांगलेला लीकचा जुना फोटो!

"करा पातीला अटक!" हशा पिकला.

"मादाम मुद्दाम करतात असं नाही," थिया म्हणाली. "मनात असेल तिकडे बोटं जराशी हलतात आणि दोरा ते मोठं करून दाखवतो. आता साधा प्रश्न. कप शेवटी कुणी हातात घेतला?"

तेवढ्यात रिडलीबाई उठल्या. "अहो, विसरलात का? जिंकलात म्हणून नाव कोरायला तुम्हीच नाही का नेलात? पावती तुमच्या टोपीत आहे!"

रिडलींनी टोपी काढली. पावती निघाली. ते खाली मान घालून किल्ल्या देऊ लागले, पण काकांनी हात पुढे केला नाही.

"आधी माफी मागा," थिया म्हणाली. "एकोणतीस वर्षं क्लब सांभाळणाऱ्या माणसाला चोर ठरवायला तुम्हाला एक दोरा पुरला. कोरणाऱ्याला फोन करायचं कुणालाच सुचलं नाही. पुढच्या वेळी आधी विचारा, मग बोट दाखवा."

रिडलींनी माफी मागितली. मगच काकांनी किल्ल्या घेतल्या.