पोरीनं हाक मारली का

लुआननं चमचा आईच्या ओठांना टेकवला. पेज हनुवटीवरून ओघळून गळ्याखालच्या रुमालात गेली. तिनं रुमाल उलटा केला, पुन्हा चमचा भरला. कोंबडीचं पाणी घालून सकाळपासून मंद आचेवर ठेवलेली पेज, आल्याचा वास घरभर सुटलेला, आणि म्हातारीनं ओठ मिटले ते मिटलेच.

"माक, जेव ना गं," लुआन म्हणाली.

माक, म्हणजे आई, म्हटल्याबरोबर म्हातारीचा चेहरा आक्रसला. पांघरुणातून हात काढून तिनं आपल्याच तोंडावर दाबून धरला आणि भिंतीकडे वळली. जरा वेळानं भिंतीलाच विचारल्यासारखी म्हणाली, "पोरीनं हाक मारली का?"

"मीच मारली की आत्ता."

"नाही मारली."

आज पाचवा दिवस. चमच्या-चमच्यानं पाणी जायचं, तेवढंच. अन्न म्हटलं की हाच प्रश्न आणि हीच भिंत. डॉक्टरनं काल मनगट उचलून पाहिलं, परत ठेवलं आणि सांगितलं की शनिवारी सकाळी गाडी पाठवतो, नाकातून नळी घालू, दुसरा इलाज नाही. म्हाताऱ्या माणसांनी नळी ओढू नये म्हणून हात पलंगाला बांधतात. बापाचे बांधलेले हात लुआननं पाहिले होते, आणि आईनंही पाहिले होते. त्या दिवशी इस्पितळाबाहेरच्या बाकावर बसून आई म्हणाली होती, मला असं करू नकोस. लुआननं हो म्हटलं होतं. माणूस त्या वेळी हो म्हणतोच, काय जातंय म्हणायला. आज गुरुवार होता.

प्रश्न तसा वेडगळ नव्हता. तेंगकेराच्या या जुन्या चिनी गल्लीत कुठल्याही घरात जा, थोरामोठ्यांना ज्याच्या त्याच्या नात्यानं हाक मारून 'जेवा' म्हटल्याशिवाय मुलं ताटाला हात लावत नाहीत. सुरुवात सगळ्यांत धाकट्यानं करायची. आणि धाकट्याची हाक आल्याशिवाय मोठीही घास उचलत नाहीत. आईनं अठ्ठ्याऐंशी वर्षं हे पाळलं होतं. आता तिच्या डोक्यातून वार गेले, महिने गेले, नवरा मेल्याचं गेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरून माणसांची तोंडंही गेली. रीत तेवढी चिकटून राहिली होती.

पण कुठली पोर? लुआननं पर्थला आपल्या मुलीला फोन लावून फोन आईच्या कानाशी धरला. नातीनं रडत रडत आजीला हाक मारली. आई छान बोलली, अभ्यास कर म्हणाली, जेवली नाही. शेजारची शाळकरी मुलगी बोलावून आणली. "कोणाची गं तू? जेवून जा हं," असं तिचं आगतस्वागत झालं, आणि पुन्हा ओठ बंद. लुआन स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. रडायलाही तिला फुरसत वाटत नव्हती.

संध्याकाळी तुआ किम आली. तुआ किम म्हणजे थोरली मामी. नव्वदीला टेकलेली, कमरेत वाकलेली, पण सारोंगची घडी अजून कडक आणि जीभ त्याहून. चार घरं सोडून राहायची. हातातला बदकाच्या सूपचा डबा तिनं खाली ठेवला, नणंदेच्या कपाळाला हात लावला, आणि लुआनचं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली की भावाची पोर असेल, दिराची असेल, एके काळी या घरात जेवायला पंधरा पोरं असायची, त्यांतली एखादी हिच्या डोक्यात बसली असेल. "प्रत्येकीची हाक वेगळी. तुला येतात का?"

लुआननं मान हलवली.

"येणार कुठून! तीस वर्षं इपोहला राहिलीस आणि सगळ्या जगाला आंटी करून टाकलंस. भाजीवाली आंटी, डॉक्टरीण आंटी. मला मागच्या नव्या वर्षाला आंटी म्हणालीस, विसरले नाही मी."

"चुकलं, तुआ किम. शिकवा मला."

कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून लुआन लिहायला बसली. अठ्ठावन्न वर्षांची, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली बाई, पण पेन्सिल पहिलीतल्या मुलीसारखी घट्ट धरलेली. भावाची पोरं बापाच्या बहिणीला कोह म्हणणार. आई भावंडांत तिसरी, म्हणून सा कोह. नवऱ्याच्या थोरल्या भावाची पोरं काकू म्हणून चिम म्हणणार, पण तिथे नंबर आईचा नाही, नवऱ्याचा लागतो. नवरा त्याच्या भावंडांत दुसरा, म्हणून जी चिम. नवऱ्याच्या बहिणीची पोरं मामी म्हणून किम म्हणणार, तिथेही नवऱ्याचाच नंबर. लुआननं सा चिम म्हटलं की तुआ किम काठी आपटायची. नंबर चुकला म्हणजे दुसऱ्याच बाईला हाक गेली, आणि ती बाई मेलेली असेल तर काय करशील, ती येऊन जेवेल का? तासभर हे चाललं. लुआन पाठ म्हणत होती, चुकत होती, आणि मधूनच पलंगाकडे बघत होती.

शुक्रवारी दुपारी पेज पुन्हा गरम झाली. तुआ किम पायथ्याशी खुर्चीवर बसली. लुआननं घसा साफ केला, आवाज बारीक केला. या वयात असलं सोंग करताना तिला लाज वाटायला हवी होती. लाज बाजूला राहिली.

"सा कोह, जेवा."

आईचा चेहरा उजळला. "आलीस? तुझ्या आईचा खोकला कसा आहे? तिला म्हणावं मध घे." तुआ किमनं बाहीची किनार डोळ्याला लावली. भावाची पोर म्हणजे तिचीच पोर, आणि खोकला पन्नास वर्षांपूर्वीचा. लुआननं घाईघाईनं चमचा पुढे केला.

"थांब गं," आई म्हणाली. "आधी पोरीला हाक मारू दे."

जी चिम म्हटल्यावर म्हातारी ताठ झाली. ताटं पुसली का, आजोबांची खुर्ची मांडली का, असं दरडावून विचारलं, आणि थांब म्हणाली. जी किम म्हटल्यावर हसली, आणि तुझ्या बापानं माझे पत्ते चोरले म्हणून सांग त्याला, असा निरोप दिला. तीन आवाज, आणि तिन्हींना तीन वेगळ्या बायांनी उत्तरं दिली. सगळ्या आतमध्ये शाबूत होत्या. जेवायला मात्र एकही तयार नव्हती. पेजेवर साय धरली.

लुआननं कागदाची घडी घातली.

"संपलं, तुआ किम. उद्या सकाळी गाडी येईल."

"एक राहिली."

"नाही. सगळ्या झाल्या."

"ई राहिली."

"मावशी कोण म्हणणार तिला? आईला बहीणच नव्हती."

तुआ किमनं दोन्ही हात काठीवर ठेवले. "लुआन, मला शिकवू नकोस. तू म्हणत होतीस."

लुआननं घडी घातलेला कागद पलंगावर ठेवला. तिला माहीत होतं. सहा दिवस माहीत होतं, आणि सहा दिवस ती इकडून तिकडून त्याला वळसा घालून जात होती.

लुआनच्या आधीची दोन मुलं गेली होती. लुआन जन्मली वाघाच्या वर्षी आणि आई माकडाच्या, ही दोन वर्षं एकमेकांना मारक. देवळातल्या माणसानं बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं, ही पोर तुला आई म्हणेल तर राहायची नाही. बारा वर्षं भरेपर्यंत मावशी म्हणू दे, म्हणजे नशिबाला वाटेल दुसऱ्याचीच आहे. असं तेव्हा पुष्कळ घरांत करायचे. म्हणून लुआननं बोलायला लागल्यापासून आईला ई म्हटलं. जत्रेत हरवली तेव्हा ई म्हणून रडली. शाळेत पालक आले त्या दिवशी तिनं सगळ्यांदेखत ई म्हटलं, आणि वर्गातल्या पोरींनी तिला विकत आणलेली म्हणून जी चिडवायला सुरुवात केली ती शाळा सुटेपर्यंत. घरी येऊन तिनं एकदा, एकदाच, माक म्हटलं होतं. आईनं झडप घालून तिचं तोंड दाबलं होतं, इतकं की ओठ फुटला.

बारावं भरलं त्या दिवशी आईनं गोड शेवया केल्या, लाल अंडी केली, पूर्वजांपुढे उदबत्ती लावली आणि म्हणाली, आता म्हण. लुआननं शेवया खाल्ल्या आणि शाळेत निघून गेली. त्यानंतर सात महिने तिनं आईला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. आई मात्र रोज जेवायला वाढून थांबायची, वाट बघायची, आणि मग गप्प जेवायला लागायची. सात महिन्यांनी लुआन माक म्हणाली ती ताप आला म्हणून. ई हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही, हे मात्र तिनं तेव्हाच ठरवलं होतं, आणि या एवढ्या एका गोष्टीत ती हट्टानं खरी राहिली होती.

"सहा दिवस तू तिला माक माक करतेयस," तुआ किम हळू म्हणाली. "तिच्या जिवाचं काय होत असेल बघ. तिला वाटतंय तू मरशील."

लुआननं पेज पुन्हा गरम करून आणली. पलंगाच्या कडेला बसली. आवाज बारीक करायला गेली, तर तो आपोआपच तसा निघाला.

"ई, जेव."

म्हातारीचा तोंडावरचा हात खाली आला.

"किती उशीर," ती म्हणाली. "शाळा आत्ता सुटली?"

"हो, ई."

"मघापासून कोणी तरी मला माक म्हणतंय. तू नाहीस ना?"

"मी नाही."

म्हातारीनं सुटकेचा श्वास सोडला. मग हात चाचपत पुढे केला, लुआनची बाही सापडली ती धरली आणि तिला जवळ ओढलं. आवाज अगदी खाली आणला, भिंतीलाही ऐकू जाऊ नये इतका.

"मलाही ऐकावंसं वाटतं गं. फार वाटतं. पण तू आठची आहेस. अजून चार वर्षं काढायला हवीत."

लुआननं चमचा भरला, फुंकर घातली, आणि तो तसाच हातात धरून ठेवला.

"बारा भरतील ना, ई, त्याच दिवशी म्हणेन. उठल्या उठल्या, शेवया खायच्या आधी. एक दिवससुद्धा उशीर करणार नाही."

"नक्की?"

"नक्की. पण तोवर तू राहायला हवीस. चार वर्षं नीट जेवायला हवंस."

"चार वर्षं," म्हातारी म्हणाली. तिनं थोडा विचार केला, आणि तोंड उघडलं.