हुलसूरला दिलेली मंगल

मित्रांनो, मी एक जुनी निळी थंडपेटी. कलबुर्गीच्या एका संशोधन केंद्रात जिन्याखाली माझा मुक्काम असतो. माझ्या बहिणी गावोगाव लस घेऊन जायच्या. माझ्या वाट्याला आल्या रक्ताच्या नळ्या. पोटात कायम बर्फ, मग जवळ कोण बसणार? केंद्रात परतले की नळ्या काढून घ्यायचे आणि मला धुऊन उपडी घालायचे. कुणाच्या रक्तात काय निघालं, हे मला कुणी सांगत नसे.

एकदा केंद्रात रक्त गोळा करणाऱ्या अंबिकाबाई मला मंठाळ गावाला घेऊन गेल्या. तिथल्या पार्वतीबाईंचा थोरला मुलगा राजपाल ऐन तिशीत शेतात कोसळून गेला होता. त्याच्या हृदयाची भिंत जाड झाली होती. हा दोष रक्ताच्या नात्यात उतरतो. म्हणून धाकट्या प्रेमानंदचं रक्त घेतलं.

"घरात अजून कोण हाय?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"बस, एवढंच घर," पार्वतीबाई म्हणाल्या.

माझं झाकण लागलं. तेवढ्यात एक तरुण बाई चहा घेऊन आली आणि उंबऱ्याशी दम खात थांबली.

"ही कोण?"

"लेक हाय, मंगल. पण हुलसूरला दिलीय. ती आता त्यांच्या घरची. तिला कामून मोजायलात?"

आमच्याकडे घर असंच मोजतात.

मंगल हसली. "आई, नाक तुझंच घेऊन गेले हुलसूरला. काळीज काय सासूनं दिलं?"

"गप बस. सासरी कळलं तर नांदवतील का तुला?"

"राजपाल अण्णाला तरी कुठं काय कळलं होतं?" असं म्हणत तिनं बाही वर सारली.

माझं झाकण पुन्हा उघडलं. भाऊ-बहिणीच्या नळ्या परतीच्या वाटेवर एकमेकींना लागून होत्या.

काही महिन्यांनी पार्वतीबाई केंद्रात आल्या आणि माझ्यावर हात टेकून जिन्याखाली बसल्या. प्रेमानंद सुटला होता. दोष मंगलमध्ये निघाला, पण वेळेत कळल्यामुळे औषध सुरू झालं होतं.

"मी मोजलीच न्हवती तिला," त्या पुटपुटल्या. जवळ कुणीच नव्हतं, म्हणून ते मलाच सांगितलं असं मी धरून चालते.

मित्रांनो, माझी कडी तुटली, आता मला कुणी नेत नाही. घरातलं कुणी असं अचानक गेलं, तर सासरी दिलेल्या लेकींची, आत्यांचीही नावं डॉक्टरांना सांगा. मी त्यांच्या दारी जाऊ शकत नाही. त्यांना तुम्हीच घेऊन या.